जवारी




आपल्या गुरुवारच्या भजनातला जुना तंबोरा वर्षभर नीट बोलत नव्हता. नव्या तारा घातल्या, तरी आवाज बसकाच. "आता मोबाईलवरचाच तंबोरा लावू या," असं सगळ्यात मोठ्यानं मीच म्हटलं होतं. शेवटी एकदा दाखवून तरी आणू, म्हणून आम्ही दोघी तो घेऊन बेळगावहून मिरजेला गेलो.

मिरजेतले शिकलगार मूळचे शस्त्रांना धार लावणारे. त्यांच्यातल्या फरीदसाहेबांपासून वाद्यं बनवण्याची परंपरा सुरू झाली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

दुकानात एक नवा तंबोरा होत आला होता. पंढरपूरकडचा कडू भोपळा वाळवून, पोखरून त्याला दांडी जोडलेली. नक्षी झालेली, पॉलिश झालेलं, खुंट्या बसवून चारी तारा चढवलेल्या. मला वाटलं, झाला की तयार! कारागीर चाचांनी तार छेडली. नुसतं 'टण्' झालं आणि संपलं.

"अजून जवारी काढायचीय, ताई," ते म्हणाले.

ज्या हाडाच्या घोडीवरून तारा जातात, ती दिसायला सपाट, पण तिला अगदी थोडा उतार लागतो. तार त्या उताराला हलकेच टेकत थरथरली, तरच झंकार लांबतो. चाचा तार सैल करायचे, घोडीवर कानस फिरवायचे, तार पुन्हा चढवायचे आणि कान लावून ऐकायचे. पुन्हा सैल, पुन्हा कानस. असं प्रत्येक तारेचं. मी न राहवून म्हटलं, "चाचा, एकदाच जरा जास्त घासून टाका ना!" ते हसले. "जास्त गेलं तर परत कुठून आणू?"

शेवटी त्यांनी तारेखाली सुताचा एक धागा सरकवला. या धाग्याला 'जीव' म्हणतात. तो किंचित पुढे, किंचित मागे केला, आणि एका जागी आवाज असा उघडला की आम्ही दोघी गप्पच झालो.

मग आपला तंबोरा पाहून चाचा म्हणाले, "हा काही मेलेला नाही. रोज वाजवून तारांनी घोडीवर चरे पाडलेत. जवारी गेलीय, एवढंच."

बंधू-भगिनींनो, हे ऐकून माझ्या पोटात कालवलं. तंबोरा न वाजवल्यानं बिघडला नव्हता, रोज वाजवल्यानंच बसला होता! माझंही तेच झालं होतं. बावीस वर्षं नाम चालू आहे, पण वर्षभर गोडी नव्हती. माळ हातात आणि मन कुकरच्या शिट्टीकडे. कुणाला सांगायचीही लाज. शेवटी गुडघ्याचं कारण सांगून दोन गुरुवार घरी बसले. आणि चरे कसले? 'माझी बावीस वर्षं', 'माझ्या इतक्या माळा'. त्याच तोऱ्यात भजनाला नव्यानं येणाऱ्या एका मुलीला, सूर चुकला म्हणून, सगळ्यांसमोर तोडून बोलले होते. ती नंतर आलीच नाही.

आपण सद्गुरूंकडे जातो ते काहीतरी मिळावं म्हणून. पण शेवटच्या टप्प्यात ते काही घालत नाहीत, थोडं थोडं काढतात. कधी अपमानानं, कधी कंटाळ्यानं. तेही एकदम नाही, आपल्याला सोसेल एवढंच. आणि ते एकदा करून भागत नाही. वाजणाऱ्या तंबोऱ्याला पुन्हा चरे पडणारच, पुन्हा कारागिराकडे जावं लागणारच. म्हणून नामात गोडी नाही वाटली तर 'आपलं सगळं फुकट गेलं' असं म्हणू नका. तंबोरा टाकू नका, जवारी काढून घ्या.

मिरजेहून आल्यावर मी त्या मुलीच्या घरी गेले. वयानं लहान, पण हात जोडले. गेल्या गुरुवारी ती आली. तंबोरा तिच्याच हातात दिला.

या आठवड्यात एवढंच करू या. रोज एक माळ अशी, जी कुठे मोजायची नाही. आणि आपल्या बोलण्यानं सत्संगापासून कुणी दुरावलं असेल, तर त्याच्या दारी एकदा जाऊन येऊ.

॥ श्रीसद्गुरुचरणार्पणमस्तु ॥
— एक सेवेकरी भगिनी, बेळगाव