शौच आणि देवसेवा

भक्तजनहो,

पतंजलींनी जे पाच नियम सांगितले, त्यांत पहिले स्थान शौचाला दिले आहे. गीतेच्या तेराव्या अध्यायातील ज्ञानलक्षणांतही शौचाची गणना आहे. आम्ही पुजाऱ्याच्या घरात वाढलो. शौच म्हणजे स्नान, सोवळे व आचमन, हाच अर्थ बाळपणापासून आमच्या कानी पडला. परंतु देहाचा मळ जातो कोठे आणि तो नेतो कोण, याचा विचार सोवळ्यात क्वचितच होतो. तो आज करू या.

सुमारे ४५०० वर्षांपूर्वी मोहेंजोदडो नगरात घरोघरी विटांची न्हाणीघरे होती व त्यांचे सांडपाणी रस्त्यांतील झाकलेल्या गटारांत जात असे. रोम नगरीचे ‘क्लोआका मॅक्सिमा’ हे प्रचंड गटार टायबर नदीस मिळे. लंडन शहरात १८५४ साली पटकीची साथ आली, तेव्हा दूषित पाण्यातून हा रोग पसरतो हे जॉन स्नो या डॉक्टरांनी ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाच्या उदाहरणाने दाखवून दिले. पुढे १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीची दुर्गंधी पार्लमेंटच्या दालनांत शिरली, आणि मग बॅझलगेट या अभियंत्याच्या भुयारी गटारांना द्रव्य मिळाले. आपल्या नाकाशी येईपर्यंत मनुष्य दुसऱ्याचे दुःख जाणत नाही, हेच खरे.

आपल्या समाजाने तर याहून वाईट केले. मैल्याची पाटी काही जातींच्या मस्तकी दिली, आणि ज्यांनी आपली घरे शुद्ध राखली त्यांनाच अशुद्ध म्हणून देवळाबाहेर उभे केले. पंढरीचे द्वार त्यांना उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले.

संतसज्जनांनी मात्र खरा मार्ग दाखविला. गाडगे महाराज (१८७६–१९५६) दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडीत व रात्री कीर्तनाने मने झाडीत. अप्पासाहेब पटवर्धन जन्माने ब्राह्मण. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात मैलासफाईचे काम आपणांस करू द्यावे म्हणून त्यांनी अन्नत्याग केला, आणि येरवड्याच्या तुरुंगातून महात्माजींनी त्यांना उपोषणाचीच साथ दिली. जे काम टाळण्यासाठी लोक धडपडतात, ते मिळावे म्हणून उपाशी राहणे, ही केवढी तपश्चर्या!

हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ व २०१३ साली कायदे झाले. तरीही सेप्टिक टँकमध्ये उतरलेली माणसे विषारी वायूने गुदमरून मरतात. त्यांना खाली उतरविणारा कोणी राक्षस नसतो. यंत्राचे चार पैसे वाचवू पाहणारा, तुमच्याआमच्यासारखाच देवभक्त गृहस्थ असतो.

म्हणून आमची दोन मागणी आहेत. आपल्या घरच्या टाकीत कोणाही मनुष्यास उतरवू नये. ती यंत्रानेच उपसावी. आणि उत्सवकाळी मंदिराच्या शौचालयांची सफाई सभासद कुटुंबांनी पाळीपाळीने करावी. त्या पाळीत पुजाऱ्याचे घर पहिले असेल. गाभारा धुणारे हात तेथेही लागले, तर ते विटाळणार नाहीत. पतंजलींचा पहिला नियम तेथेच पुरा होईल.

शुभं भवतु.