आपण आणि त्या

आमचा धाराशिव जिल्हा पावसाच्या बाबतीत कोरडा, पण खो-खोच्या बाबतीत नाही. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत आमच्या सारिका काळेच्या संघाने सुवर्णपदक घेतले. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. दोन्ही वेळा मी येरमाळ्याच्या स्टँडावर पेढे वाटले आणि "जिंकलो बुवा आपण!" म्हणत अभिनंदनही स्वीकारले. वास्तविक माझा पाठलागाचा अनुभव सुटलेल्या बार्शी गाडीपुरता!

पुढे एकदा जिल्ह्याच्या मुली हरल्या. मी म्हणालो, "हरल्या त्या. खांबाजवळ वळायला उशीर करतात."

शाळेच्या संघात खेळणारी पुतणी म्हणाली, "काका, जिंकलं की आपण आणि हरलं की त्या?"

आता काय बोलणार? पाटीवर आठ जणी एकीआड एक उलट तोंडाने बसतात. एखादीला सबंध डावात खो मिळत नाही, तरी तिला 'आपण' म्हणायचा हक्क आहे. पाठीत खो बसला की ती उठणार असते. माझ्या पाठीत बसला तर डॉक्टर लागेल. चैत्री यात्रेत येडेश्वरीसाठी चुनखडीचे पाचच खडे वेचणाराही यात्रा आपली म्हणतो, पण तो ऊन तरी सोसतो. मी पेढ्यांना पुढे आणि उन्हाला घरात!

संध्याकाळी म्हटलं, "हरलो गं आपण."

"मग पेढे?" तिनं हात पुढे केला.

पाव किलो आणायला गेलो. दुकानदार खुशीत विचारतो, "काय हो, जिंकलो वाटतं?"