दयेची जागा

प्रेम आहुजाच्या कमरेचा टॉवेल सुटला नव्हता. २७ एप्रिल १९५९ च्या दुपारी मुंबईत, सेटलवाड रोडवरच्या ‘जीवनज्योत’ इमारतीत, अंघोळ करून नुकताच बाहेर आलेला हा माणूस तीन गोळ्या लागून कोसळला. प्रेत सापडलं तेव्हा टॉवेल कमरेला तसाच गुंडाळलेला होता. आरोपी होता नौदलातला कमांडर कावस नानावटी. बचाव असा होता की रिव्हॉल्व्हरसाठी झटापट झाली आणि त्यात गोळ्या सुटल्या. दोन धडधाकट पुरुष एकमेकांना भिडतात, तीन वेळा बार उडतो, एकाचा जीव जातो आणि नुसता खोचलेला टॉवेल जागचा हलत नाही! ज्यूरीतल्या नऊ जणांपैकी आठ जणांनी आरोपीला निर्दोष ठरवलं.

ही आठ माणसं अडाणी नव्हती. त्यांच्यापुढे पांढऱ्या गणवेशातला, पदकं लावलेला, सरळ चालीचा म्हणून ओळखला जाणारा अधिकारी उभा होता. बायकोने त्याच दिवशी परपुरुषाशी असलेल्या संबंधांची कबुली दिलेली. पदरात तीन मुलं. मेलेला माणूस मोटारींचा व्यापारी, श्रीमंत, अविवाहित आणि वर्तमानपत्रांनी खलनायक करून टाकलेला. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिक आणि त्याचे संपादक आर. के. करंजिया यांनी नानावटीची बाजू हिरिरीने उचलून धरली होती. चार आण्यांचा अंक दोन रुपयांना विकला जाई, रस्त्यावर फेरीवाले ‘आहुजा टॉवेल’ विकत, असं त्या दिवसांबद्दल सांगतात. ज्यूरीला या माणसाला सोडायचं होतं, आणि सोडायचं तर झटापटीची गोष्ट खरी मानण्यावाचून इलाज नव्हता. त्यांच्या करुणेचं मोल सत्याला चुकवावं लागलं.

खरं काय घडलं होतं? नानावटीने बायकोला आणि मुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं. तिथून तो आपल्या जहाजावर गेला आणि खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर व सहा काडतुसं घेतली. आधी आहुजाच्या कार्यालयात गेला. तो तिथे नव्हता, म्हणून घरी गेला. थेट त्याच्या खोलीत शिरला. बाहेर पडताना त्याने घरातच असलेल्या आहुजाच्या बहिणीला ‘अपघात झाला’ असं म्हटलं नाही. खाली रखवालदाराला मात्र, याचे माझ्या बायकोशी संबंध होते म्हणून मारलं, असं सांगितलं. मग तो स्वतःहून पोलिसांकडे गेला. त्याचा हा सरळपणा मला खरा वाटतो, आणि म्हणूनच नंतर न्यायालयात झटापटीची कहाणी उभी राहिली याचं वाईट वाटतं. त्या संध्याकाळी या माणसाने आपल्या कृत्याचं नाव घेतलं होतं. पुढे त्याच्या चाहत्यांनीच ते पुसलं.

सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांना ज्यूरीचा कौल पुराव्याशी इतका विसंगत वाटला की त्यांनी तो न स्वीकारता खटला उच्च न्यायालयाकडे पाठवला. ११ मार्च १९६० रोजी उच्च न्यायालयाने नानावटीला खुनासाठी दोषी ठरवून जन्मठेप दिली. त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांच्या आदेशाने शिक्षा स्थगित झाली, म्हणजे त्याला तुरुंगाऐवजी नौदलाच्या ताब्यात राहता आलं. असा आदेश राज्यपालांना कोणत्या टप्प्यावर देता येतो, यावर सर्वोच्च न्यायालयाला वेगळा निर्णय द्यावा लागला. अखेर २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. ‘गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभना’चा, म्हणजे अचानक भडकून भान सुटल्याचा, मुद्दाही टिकला नाही, कारण घर सोडल्यापासून गोळ्या झाडेपर्यंत सुमारे तीन तास गेले होते. तेवढ्या वेळात त्याने मुलांना सिनेमाला पोहोचवलं, शस्त्र मिळवलं, पत्ता शोधला. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्याला माफी दिली. पुढे तो कुटुंबासह कॅनडाला गेला.

(याच खटल्यामुळे भारतातली ज्यूरी गेली, असं आपण सर्रास म्हणतो. पण विधी आयोगाने १९५८ मध्येच, चौदाव्या अहवालात, ज्यूरी बंद करण्याची शिफारस केली होती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती उरली नाही. एका खटल्यावर सगळं खापर फोडणं सोयीचं आहे, एवढंच.)

या सगळ्यात मला सर्वांत जास्त खटकते ती एक साधी गोष्ट. आहुजाच्या खोलीत काय बोलणं झालं, याचा जिवंत साक्षीदार एकच होता: आरोपी. तू हिच्याशी लग्न करून मुलांना सांभाळशील का, असं आपण विचारलं आणि त्यावर अत्यंत उद्दाम उत्तर आलं, असं त्याने सांगितलं. ते उत्तर गावभर झालं, त्यावर माणसं चिडली, त्या एका वाक्यावर आहुजाचं चारित्र्य ठरलं. तो ते बोललाही असेल. पण ते नाकारायला तो नव्हता. मेलेल्या माणसाला वकीलपत्रावर सही करता येत नाही. त्याची बाजू मांडायची तर सरकारी वकील किंवा, या खटल्यात झालं तसं, बहिणीने नेमलेला वकील लागतो. राम जेठमलानी हे नाव लोकांना प्रथम माहीत झालं ते तिथेच. खुनाच्या खटल्यात एक माणूस कायमचा गैरहजर असतो, आणि करुणा तर हजर असलेल्याच्या चेहऱ्याकडेच आधी धावते. दोषाचा निर्णय हे त्या गैरहजर माणसाला मिळणारं शेवटचं आणि बहुधा एकमेव बोलणं असतं. दयेपोटी तेच खोटं केलं, तर त्याच्या मरणाचा कुणी धनीच उरत नाही.

उत्तरदायित्व म्हटलं की आपल्याला तुरुंग आणि फास आठवतात. पण आपल्याच इतिहासात याहून वेगळं उदाहरण आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी नारायणरावांचे काका आणि त्यांच्यानंतर पेशवे झालेल्या रघुनाथरावांना दोषी ठरवून देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, तेव्हा ते अमलात आणण्याचं कोणतंही बळ त्यांच्यापाशी नव्हतं. ते पद सोडून पुण्याबाहेर गेले. रघुनाथरावांना देहान्त कधी झाला नाही. तरी अडीचशे वर्षांनंतर आपण रामशास्त्र्यांचं नाव आदराने घेतो, ते कशासाठी? कोणाला शासन झालं म्हणून नव्हे. हा खून आहे आणि तो तुमचा आहे, एवढं एका माणसाने सत्तेच्या तोंडावर सांगितलं म्हणून. शिक्षा सौम्य होऊ शकते, पुढे ढकलली जाऊ शकते, माफही होऊ शकते. पण हे सांगणं झालंच नाही, तर माफ नेमकं काय करायचं, हेही कळत नाही.

आता दुसरी बाजू. आपल्या वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानावर एक बातमी वर्षानुवर्षं येते: विवाहितेची मुलांसह विहिरीत उडी. कधी कधी मुलं जातात आणि आई वाचते. मग तिच्यावर खुनाचा गुन्हा नोंदवला जातो. १९५३ मध्ये मध्यभारत उच्च न्यायालयापुढे असाच खटला आला. घरातल्या भांडणाला कंटाळून एका बाईने तीन मुलांसह विहिरीत उडी घेतली होती. मुलं गेली, ती वाचली. न्यायालयाने सरळ सांगितलं की विहिरीत मुलं मरतील हे तिला कळत होतं आणि कायद्याला मान्य होईल असं कारण तिच्यापाशी नव्हतं. म्हणून हा खूनच. त्या काळी फाशी हीच नेहमीची शिक्षा होती आणि ती न देण्याची कारणं न्यायाधीशाला लिहावी लागत. न्यायालयाने फाशी न देता जन्मठेपेची शिक्षा दिली. त्याखाली जाण्याचा अधिकार कायद्याने दिलेला नव्हता, तेव्हा सरकारने ही शिक्षा तीन वर्षांवर आणावी अशी शिफारस त्याच निकालात केली.

नानावटीच्या ज्यूरीशेजारी हा निकाल ठेवून पाहावा. इथे घटनेतलं एक अक्षर बदललेलं नाही. तीन मुलांचा जीव गेला हे मान्य केलं, तो कोणामुळे गेला हेही मान्य केलं, आणि मग त्याच न्यायाधीशांनी या बाईचं दुःख ओळखून तिच्यासाठी शब्द टाकला. मला करुणा हवी आहे ती या जातीची.

पण दया दोषाचा निर्णय झाल्यावरच यावी, असा नियम करून मोकळं होता येत नाही. खुनात इराद्याला महत्त्व आहे, आणि इरादा कळायचा तर माणूस कळावा लागतो. किरणजीत अहलुवालिया ही मूळची पंजाबची, लग्नानंतर इंग्लंडला गेलेली बाई. नवऱ्याने दहा वर्षं छळलं, आणि १९८९ मध्ये एका रात्री तो झोपलेला असताना तिने त्याच्या बिछान्याला आग लावली. तो मेला. तिला खुनासाठी जन्मठेप झाली. लंडनच्या ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ या संघटनेने ते प्रकरण लावून धरलं. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने तिच्या मानसिक अवस्थेचा नवा वैद्यकीय पुरावा पाहून खुनाचा दोष रद्द केला व पुन्हा खटल्याचा आदेश दिला. त्यानंतर तिचा दोष खुनाचा न राहता सदोष मनुष्यवधाचा ठरला, आणि भोगलेली शिक्षाच पुरेशी मानली गेली.

‘आकस्मिक’ प्रक्षोभनाचा जुना नियम ज्या माणसाला समोर ठेवून घडला, तो क्षणात भडकतो, हात उचलतो आणि त्याच्या हातात समोरच्याला भिडण्याइतकं बळ असतं. दहा वर्षं मार खाणारी बाई त्या क्षणी उलटून मारू शकत नाही. ती नवरा झोपण्याची वाट पाहते. जुन्या नियमाला ही वाट पाहणं थंड डोक्याचा कट वाटतं. १९८९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानेही मुलांसह मरायला निघालेल्या एका आईच्या खटल्यात, तमिळ लोककथेतल्या, मुलांसह विहिरीत जीव देणाऱ्या नल्लतंगाळची आठवण काढून, दीर्घकाळ साचत जाणाऱ्या यातनेचा विचार केला होता. किरणजीतच्या खटल्यात करुणेने सत्याकडे पाठ फिरवलेली नाही. तिने त्या एका रात्रीच्या आधीची दहा वर्षंही पुराव्यात आणली. नानावटीच्या ज्यूरीने पुढ्यातला पुरावा नजरेआड केला. इथे आजवर नजरेआड राहिलेला पुरावा पुढे आला. दोन्हीला आपण दयाच म्हणतो, आणि तिथेच गफलत होते.

या दुसऱ्या प्रकारच्या दयेला कष्ट पडतात. ती चेहरा पाहून येत नाही. कोणाला तरी आरोपीच्या गावी जावं लागतं, शाळेचे, दवाखान्याचे कागद काढावे लागतात, शेजाऱ्यांशी बोलावं लागतं. १९८० च्या बच्चनसिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शिक्षा ठरवताना गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही पाहायचा. फाशीसाठी विशेष कारणं द्यावी लागतील असा उलटा नियम त्याआधीच, १९७३ च्या संहितेत आला होता. कागदावर हे उत्तम आहे. पण कित्येक सत्र न्यायालयांत दोष ठरल्यावर शिक्षेची सुनावणी त्याच दिवशी उरकते. वकील उभा राहतो, आरोपी गरीब आहे, वय कमी आहे, घरी म्हातारे आईवडील आहेत, असं सांगून बसतो. त्या तीन वाक्यांत एक आयुष्य संपतं. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या २०१६ च्या अहवालानुसार देशात फाशी सुनावलेल्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बळ घटकांतले होते. त्यांच्यासाठी ‘ब्लिट्झ’ नव्हतं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपीची पार्श्वभूमी आणि मानसिक तपासणी यांची माहिती सरकारनेच खटल्याच्या सुरुवातीच्या टप्प्यात गोळा करावी असं बजावलं. हे मनापासून अमलात आलं, तर दया ही नशिबाची किंवा ओळखीची बाब राहणार नाही.

नानावटीच्या माफीबद्दल मला राग नाही. दोष ठरल्यानंतर, राज्यघटनेने दिलेल्या अधिकारात आणि मृताच्या बहिणीची हरकत नाही हे पाहून ती मिळाली. माझा राग आहे तो त्याच काळात तुरुंगांत असलेल्या बाकीच्यांच्या वतीने. ज्यांचा अपमान नानावटीपेक्षा मोठा होता, ज्यांचा पश्चात्ताप खरा होता आणि ज्यांचा दयेचा अर्ज कोणी नीट लिहूनही दिला नाही, असे किती तरी असतील.

विहिरीतून वाचलेल्या आईबद्दल लोक म्हणतात, तिची मुलं गेली, याहून मोठी शिक्षा ती कोणती. तिच्यावर खटला कशाला? मला हे बोलणं कळतं, पण पटत नाही. खटला चालला नाही, तर ती विहिरीपर्यंत कशी पोहोचली हे कोणी विचारणारच नाही. नवरा कुठे होता, घरात कोण काय बोललं, माहेरी निरोप गेला होता का, गेला असेल तर तिथून काय उत्तर आलं, पोलीस पाटलाला किंवा ठाण्याला आधी काही कळवलं होतं का, हे सगळं शपथेवर, उलटतपासणीत यायला हवं. मुलांची नावं आणि वयं निकालपत्रात लिहिली जायला हवीत. तिचा दोष नोंदवला जावा, आणि कायद्याच्या कक्षेत बसत असेल तर तिला त्या काठावर नेणाऱ्यांवरही आरोपपत्र यावं. मग न्यायाधीशांनी तिची शिक्षा जितकी कमी करता येईल तितकी करावी, आणि जिथे त्यांचे हात बांधलेले असतील तिथे सरकारकडे शिफारस करावी, १९५३ मध्ये केली होती तशी.