एकाग्र माणसाची खुर्ची

चित्र बघायला जमलेल्या पोरांना हाकलणाऱ्या चित्रकाराचा एक व्हिडिओ फिरला आणि त्याची बाजू घेणारे पुष्कळ निघाले. कागद महाग असतो, पोरं रंगात बोटं घालतात, वगैरे. असेल. पण ‘एकाग्रता भंगते’ म्हणणाऱ्यांशी मला जरा बोलायचं आहे.

ही एकाग्रता बघायची तर सुट्टीच्या सकाळी वाईजवळच्या मेणवलीला जावं. नाना फडणवीसांच्या वाड्यामागून कृष्णेकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर फोल्डिंगच्या खुर्च्या मांडल्या जातात. (या खुर्च्यांवर माझा जुना राग आहे. घाटाची पायरी कशासाठी असते?) मग ईझल, शेजारी ट्रायपॉड, त्यावर फोन. एकाग्र माणूस आधी फोनचा अँगल लावतो आणि मग आभाळाचा पहिला वॉश टाकतो. कागद ओला आहे तोवर हात थांबवता येत नाही, हे मान्य. तेवढी दोन-चार मिनिटं कुणी मध्ये बोलू नये. नेमका तेव्हाच दुसरा फोन वाजतो आणि हा तो उचलतो. मिसळ कुठली चांगली, परतताना खंबाटकीच्या बोगद्यापाशी गाड्या तुंबतील का, यावर सविस्तर खल होतो. तिकडे आभाळ वाळून त्याला कडा येतात. एकाग्रता मात्र शाबूत.

इतक्यात मागून चौथी-पाचवीतलं एक पोर म्हणतं, ‘काका, पाणी एवढं निळं नसतंय.’

झालं! ‘ए, सरक मागे! कॉन्सन्ट्रेशन जातं!’

पोराचं बरोबर होतं. झाडांच्या सावलीत घाटाकडेचं पाणी शेवाळी, मातकट दिसतं. निळा होता तो पॅलेटमधला कोबाल्ट. रोज त्या पाण्यात उड्या मारणाऱ्याला हे कळणार नाही तर कुणाला? असलं शिकायला चित्रकलेच्या क्लासात फी मोजावी लागते.

घाट त्या पोराचा, पाहुणे आपण. धुणं घेऊन आलेल्या बाईला खुर्चीला वळसा घालून उतरावं लागतं, तरी ती काही बोलत नाही. कोल्हापूरच्या कोटितीर्थाच्या काठी आबालाल रहिमान वर्षानुवर्षं चित्रं काढत राहिले. त्यांच्या पाठीशी कधी पोरं जमलीच नसतील? कुणीच नको असेल त्यानं घरी बसून फोटोवरून काढावं. तशीही यातली बरीच चित्रं घरीच पुरी होतात.

खरी गंमत पुढेच. चित्र संपलं की हाच माणूस हाक मारतो, ‘या रे पोरांनो, या जवळ! बघा आणि जोरात वा म्हणा!’ पोरं येतात, वा म्हणतात, रील तयार. त्यांच्या आईबापांना विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही. खाली ओळ पडते, ‘खेड्यातली निरागस नजर’. तासाभरापूर्वी हीच नजर कॉन्सन्ट्रेशन घालवत होती.

पोरं त्रास देत नाहीत, असं माझं म्हणणं नाही. एखादं कार्टं ब्रश घेऊन पळतं. त्याला रागवावं, गावातलेही रागावतात.

पण मेणवलीत ‘स्वदेस’चं शूटिंग झालं, इतरही सिनेमावाले येऊन गेले. गर्दीत उभं राहायचे पैसे मिळतात, हे तिथल्या पोरांना कुणी शिकवायला नको. पुढच्या रविवारी कुणी ‘या रे’ म्हणालं, तर त्यांनी आधी दर ठरवावा. खुर्चीचं भाडं वेगळं.