भीत आणि झोंबक

माझे वडील साठीनंतर घोगऱ्या आवाजातच बोलायचे. फलटणच्या आमच्या आळीत त्याला कुणी दुखणं म्हटलं नाही. "आबांचा गळा विठ्ठलाच्या पायी गेला," असं लोक म्हणत, आणि ते ऐकताना आबांच्या चेहऱ्यावर समाधान दिसे. टाळकऱ्याचा आवाज फाटावा, बसावा, आणि त्या बसलेल्या आवाजातच त्यानं पहाटे काकड्याला उभं राहावं, यात मोठा मान होता. मी तो मान मनाशी धरूनच वाढलो. सप्ताह उठल्यावर चार दिवस बोलता आलं नाही की सेवा रुजू झाली, असं मला खरोखर वाटायचं.

मी माध्यमिक शाळेत 31 वर्षं भूगोल शिकवला. दिवसा साठ-साठ मुलांच्या वर्गावर आवाज चढवायचा, संध्याकाळी देवळात हरिपाठ, आणि वर्षातून दोन-तीन सप्ताहांत कीर्तनकाराच्या मागे चाल म्हणायला उभं राहायचं. आमची पट्टी काळी चार. निरूपण रंगलं की बुवा हात वर करतात, मृदंग चढतो आणि मागच्यांनी चाल उचलायची. त्या क्षणी तार षड्ज लागलाच पाहिजे. तो गळ्यातून ओढून काढायचा असतो, ही माझी समजूत. हनुवटी वर जायची, मानेच्या शिरा दोरखंडासारख्या ताठ व्हायच्या, आणि शेजारच्या पंधरा जोड टाळांच्या गजरात मला माझाच आवाज ऐकू यायचा नाही. मग आणखी जोर. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे पॅरिसच्या लोंबार नावाच्या डॉक्टरांनी 1911 साली नोंदवून ठेवलंय. ते मला फार उशिरा कळलं. तोवर त्या चढण्याला मी भक्तीचा आवेश म्हणत होतो.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी आवाज तुटायला लागला. आधी वरचे स्वर गेले, मग वर्गात हजेरी घेतानाही मधली अक्षरं गळायला लागली. ज्येष्ठमध झालं, खडीसाखर झाली, हळदीच्या गुळण्या झाल्या. शेवटी मुलीनं पुण्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. नाकातून बारीक दुर्बीण आत गेली आणि समोरच्या पडद्यावर मी माझे स्वरतंतू पाहिले.

त्या दर्शनाचं वर्णन मला अजून नीट करता येत नाही. जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीच्या, ओलसर, पांढुरक्या दोन पट्ट्या. इतक्याशा जागेतून मी चाळीस वर्षं नाम घेत होतो! दोन्ही पट्ट्यांवर समोरासमोर एकेक बारीक गाठ होती, टाचेला घट्टा पडावा तशी. काळी चारचा तार षड्ज धरला की या पट्ट्या सेकंदाला सुमारे 415 वेळा एकमेकींवर मिटतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी मनात गुणाकार केला. मिनिटभर चाल धरली तर जवळजवळ 25,000 टाळ्या. आणि मी त्या टाळ्या मुठी आवळून वाजवत होतो.

आठ दिवस अगदी गरजेपुरतंच बोला, कुजबुजूही नका, कुजबुजण्यानं गळ्यावर ताण येतो, असा हुकूम झाला. शस्त्रक्रियेची घाई नको, आधी आवाजाची सवय बदलू, असंही ठरलं.

ते आठ दिवस मी गीता काढून बसलो. मौन हे मनाचं तप आहे, असं सतराव्या अध्यायात आहे, तेवढा आधार शोधायला म्हणून. पण त्याच अध्यायात मला दुसरं काही भेटलं. शास्त्रानं न सांगितलेलं घोर तप जे करतात, शरीरातल्या भूतांना कष्टवतात आणि त्या शरीरात राहणाऱ्या मलाही कष्टवतात, त्यांचा निश्चय आसुरी समज, असं पाचव्या-सहाव्या श्लोकांत भगवान सांगतात. हे श्लोक मी अनेकदा वाचले होते. ते काट्यांवर झोपणाऱ्यांसाठी असावेत, असं मानून पुढे गेलो होतो. त्या दिवशी पुढे जाता येईना. आत राहणारा तो, आणि मी त्याच्याच घराच्या दारावर रोज रात्री धडका देत होतो, त्यालाच ऐकू जावं म्हणून. पुढे पंधराव्या श्लोकात वाणीचं तप येतं: उद्वेग न आणणारं, खरं, प्रिय आणि हिताचं बोलणं, आणि स्वाध्यायाचा अभ्यास. त्यात गळा फाडण्याचा उल्लेख कुठेच नाही.

मग प्रश्न उरतो तो आबांचा. त्यांची सेवा वाया गेली का? नाही, असं मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. त्यांचा भाव सोन्यासारखा होता. पण भाव खरा होता म्हणून इजाही पवित्र ठरते, हे मला आता मान्य नाही. आईनं लेकरासाठी हात भाजून घेतला तर तिच्या प्रेमाला वंदन करावं, पुढच्या सुनेला तव्यावर हात ठेवायला सांगू नये. आम्ही पिढ्यान् पिढ्या नेमकं तेच सांगत आलो.

आवाजाचे व्यायाम शिकवणारी बाई माझ्या मुलीहूनही लहान होती. पहिल्याच दिवशी तिनं अर्धा ग्लास पाणी आणि एक स्ट्रॉ पुढे ठेवली. स्ट्रॉचं टोक पाण्यात बुडवायचं आणि फुंकता फुंकता सूर धरायचा. पाण्यात बुडबुडे, गळ्यात सूर. मला ओशाळल्यासारखं झालं. तिनं समजावलं की पुढे वाट अरुंद असली की मागे हवेचा हलका दाब राहतो, स्वरतंतू अलगद एकमेकांना टेकतात, आदळत नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या बुडबुड्यांतून जो सूर आला, तो मी वीस वर्षांत ऐकला नव्हता. मग ओठ मिटून गुणगुणणं, लहान मूल खेळण्यातली मोटार चालवताना ओठांनी फुर्रर्र करतं तसा आवाज, खालच्या बरगड्या बाजूंना फुलवून श्वास घेणं, आणि खांदे खाली. श्वास कोंबून भरायचा नाही, सोडताना जपायचं. खाकरायची सवय मोडायची, त्याऐवजी पाण्याचा घोट. सप्ताहात रात्री अकराला महाप्रसाद घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, कारण पोटातलं आम्ल झोपेत गळ्यापर्यंत येतं. खडीसाखरेबद्दलही कळलं: गिळलेलं सगळं अन्ननलिकेत जातं, स्वरतंतूंना त्याचा स्पर्शही होत नाही. घसा निवतो, एवढंच.

एकदा तिनं विचारलं, "सर, तुम्ही गाताना कुणाला घाबरता?"

मी म्हटलं, "देवापुढे गातो. घाबरायचं कुणाला?"

"मग सूर लागायच्या आधीच जबडा का आवळता?"

उत्तर नव्हतं. घरी येताना एस्टीत सगळा रस्ता तोच प्रश्न. मी घाबरत होतो. आवाज कमी पडेल याला, शेजारचा टाळकरी वळून बघेल याला, आबांचा मुलगा असून याला वरचा षड्ज लागत नाही, असं कुणी म्हणेल याला. आणि खोलवर कुठेतरी, विठ्ठलाला ऐकू जाणार नाही, यालाही. ही शेवटची भीती बोलून दाखवायला मला लाज वाटते, कारण ज्याला मुंगीच्या पायातले घुंगरू ऐकू येतात, असं आपण मुलांना सांगतो, त्याच्याच कानांवर माझा भरवसा नव्हता. स्वरतंतूंचं मूळ काम गाणं नाही. श्वासनलिकेची राखण हे त्यांचं काम. ओझं उचलताना, दचकताना ते दार लावून घेतात. मी भीतीनं दार लावत होतो आणि लावलेल्या दाराला आतून रेटत होतो. त्या रेट्याला ताकद समजत होतो.

पुढे ग्रंथालयात 'संगीतरत्नाकर' हाती लागला. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या दरबारात हिशेबखात्याचा प्रमुख असलेल्या शार्ङ्गदेवानं तेराव्या शतकात, ज्ञानेश्वरीच्या काही दशकं आधी, लिहिलेला ग्रंथ. नादातला नकार म्हणजे प्राण आणि दकार म्हणजे अग्नी, असं तो सांगतो. मन देहातल्या अग्नीला जागं करतं, अग्नी वायूला, आणि तो वायू नाभीपासून वर चढत जातो. मंद्राचं स्थान हृदय, मध्याचं कंठ, ताराचं मस्तक. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. ताराचं स्थान मस्तक, आणि मी तो आयुष्यभर कंठातून उपसत होतो.

त्यानं गायकाचे पंचवीस दोष मोजलेत. दात आवळून गाणारा तो संदष्ट. मानेच्या, कपाळाच्या शिरा फुगवणारा तो झोंबक. गाल फुगवणारा तुंबकी, कावळ्यासारख्या कर्कश आवाजाचा काकी. आणि याच यादीत, शिरा आणि गालांच्या पंगतीत, भीत: भिऊन गाणारा. मी थक्क झालो. भय ही मनाची गोष्ट, शिरा ही देहाची. शार्ङ्गदेवानं त्यांच्यात भिंत घातली नाही. मी भीत होतो म्हणून झोंबक होतो. डोळे मिटून गाणाऱ्यालाही त्यानं निमीलक म्हणून दोषी ठरवलंय. तिथे मात्र माझं त्याच्याशी जमत नाही. रूपाच्या अभंगाला माझे डोळे मिटतात, ते मिटोत.

आमच्या मंडळातल्या एका ज्येष्ठांनी मला समोर बसवून विचारलं होतं, "गळ्याकडे लक्ष ठेवून गाणार, तर मग पांडुरंगाकडे कोण बघणार? हे देहाचे लाड झाले." हा आक्षेप मी हलका मानत नाही. भजनात स्वतःला विसरायचं असतं आणि तंत्र म्हणजे स्वतःकडे बघणं. कित्येक रात्री मी यावर तळमळलो. मग मला पावली आठवली. आबांनी मला अंगणात पावली शिकवली तेव्हा महिनाभर मी पायांकडेच बघत होतो, डावा कुठे, उजवा कुठे. पुढे वारीत चांदोबाच्या लिंबाच्या रिंगणात पहिल्यांदा उतरलो तेव्हा पाय आपोआप पडत होते आणि नजर माउलींच्या अश्वावर होती. पाय शिकले होते म्हणूनच त्यांचा विसर पडला. ज्याचा गळा दुखतो, त्याला गळ्याचा विसर कसा पडणार? मला तर शेवटची दहा वर्षं कीर्तनात दुसरं काही आठवतच नव्हतं. चाल जवळ आली की पोटात गोळा यायचा. अनवधान, म्हणजे लक्ष नसणं, हाही शार्ङ्गदेवाच्या यादीतला एक दोष आहे.

अल्लादिया खाँसाहेबांची गोष्ट जाणकार सांगतात. ऐन उमेदीत, अमलेट्याच्या दरबारात दिवसचे दिवस गायल्यानं त्यांचा आवाज गेला, आणि बराच काळ आला नाही. परतला तो जुना नव्हता. त्यांनी जुन्या आवाजाचा हट्ट धरला नाही. जो मिळाला त्याला पेलेल अशी गायकी घडवली. कोल्हापूरला शाहू महाराजांच्या आश्रयाला ते आले, आणि त्या गायकीतून पुढे केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर झाल्या. बसलेला आवाज परत येईना तेव्हा मी या गोष्टीला धरून राहिलो. देणं बदलून मिळालं, तरी ते देणंच होतं.

माझ्या गाठी सात-आठ महिन्यांत विरल्या. आता वरचा षड्ज मी तरुणांवर सोडतो. पंधरा जणांच्या चालीत प्रत्येकानं प्रत्येक ओळ म्हणायलाच हवी असं नाही. काकड्याला एकटा असतो तेव्हा काळी एक धरतो. आवाज सभामंडपाच्या बाहेर, पारापर्यंत पोचतो, असं दूधवाला सांगतो. गेल्या आषाढीच्या आधी आमच्यातला एक सतरा वर्षांचा मुलगा शिरा फुगवून, लालबुंद होऊन चाल ओढत होता. त्याला बाजूला घेतलं. "माउली, हळू म्हटलं तर ऐकू जाईल का?" त्यानं विचारलं. मी त्याच्या हातात पाण्याचा ग्लास आणि स्ट्रॉ दिली.

मध्यंतरी आबांची एक जुनी कॅसेट सापडली, कुठल्याशा सप्ताहातली. फाटलेल्या आवाजातली ती चाल मला पाठ आहे, म्हणून मुलानं कॅसेट संगणकावर उतरवून दिली तेव्हा ती सवयीनं पुढे सरकवणार होतो. पण कीर्तनाआधीचा मिनिटभराचा भागही त्यावर आहे. टाळांची दोरी बांधल्याचा आवाज, कुणीतरी मृदंगाला कणीक लावतंय, आणि रेकॉर्डर चालू असल्याचं ठाऊक नसलेले आबा स्वतःशीच अभंग गुणगुणतायत. खालच्या पट्टीत. स्वच्छ, भरलेला, मधाळ आवाज. मी जन्मभर त्यांच्या शेजारी उभा राहिलो आणि हा आवाज कधी ऐकला नव्हता. मग कुणीतरी "आबा, चला," म्हणतं, आबा घसा खाकरतात, आणि कीर्तन सुरू होतं.