दान आणि 'न मम'

दान करताना देश, काळ आणि पात्र पाहावे, अशी आपल्या परंपरेची शिकवण आहे. यांपैकी पात्र ठरविणे सर्वांत कठीण. अन्नछत्रात हा प्रश्न उद्भवत नाही; पंगतीत बसलेल्या प्रत्येकास वाढले जाते. परंतु समाजाच्या देणग्यांतून स्थानिक रुग्णालयात डायलिसिसचे यंत्र आले आणि यंत्र एक, रुग्ण अनेक अशी स्थिती झाली, तर पहिला हक्क कोणाचा?

बीड जिल्ह्यात हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णास बहुधा आठवड्यातून दोन ते तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे ४ तास यंत्राद्वारे रक्तशुद्धी करून घ्यावी लागते. प्रत्यारोपण न झाल्यास ही गरज आयुष्यभर राहते. दसऱ्यानंतर ऊसतोडीस जाणाऱ्या घरावर हे संकट कोसळले, की पती-पत्नीचा 'कोयता' मोडतो आणि मुकादमाची उचल अंगावर राहते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. तथापि यंत्र दूर असेल, तर प्रवासभाडे आणि सोबत्याची बुडालेली मजुरी घरालाच सोसावी लागते. उपचार खेड्याजवळ यावेत, याच दृष्टीने १९७०च्या दशकात अंबाजोगाई येथे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. मुंबईच्या श्री सिद्धिविनायक मंदिर न्यासासारख्या देवस्थानांनीही डायलिसिसच्या कार्यास हातभार लावला आहे.

पात्रतेच्या या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेतील सिएटल शहराने १९६२ मध्ये देऊन पाहिले. तेथील डायलिसिस केंद्रात जागा मोजक्या होत्या, म्हणून नागरिकांची एक समिती नेमण्यात आली. रुग्णाचे उत्पन्न, शिक्षण, व्यवसाय आणि समाजातील स्थान पाहून ती निवड करी. हेतू वाईट नव्हता. पण समिती ज्यांना ओळखत होती, तशाच माणसांचे पारडे जड झाले, अशी टीका पुढे झाली. त्या कसोटीवर बीडचा ऊसतोड कामगार कोठे उभा राहिला असता?

दुसरे उत्तर त्याआधीचे आहे. नेदरलँड्समध्ये डॉ. विलेम कोल्फ यांच्या कृत्रिम मूत्रपिंडामुळे १९४५ मध्ये प्रथम एका रुग्णाचे प्राण वाचले. ती ६७ वर्षांची वृद्धा होती आणि नाझींची साथ केल्याच्या आरोपावरून कैदेत होती. गावाचा रोष तिच्यावर होता; तरीही उपचार झाले. वैद्याने अपराध पाहिला नाही, व्याधी पाहिली.

दात्याच्या मनात काही विचार येणे स्वाभाविक आहे. आपल्या गावच्या रुग्णास आधी संधी मिळावी. व्यसनाने देह झिजविलेल्यास ती का द्यावी? येथे परंपरेतील दोनच शब्द मार्ग दाखवितात : 'न मम', म्हणजे हे आता माझे नाही. दानाचे उदक सोडताना वस्तूवरील स्वामित्वही सोडायचे असते. रुग्ण निवडण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवणाऱ्याने दानाचा एक अंश अद्याप हातातच धरलेला असतो. कोणास आधी घ्यावे, हे रुग्णाची निकड पाहून वैद्यानेच ठरवावे. व्याधिग्रस्त असणे हीच तेथील पात्रता होय.

दात्याचे कर्तव्य मात्र येथे संपत नाही. निवडीची वेळच येऊ नये इतकी यंत्रे उभी करणे, हे त्याचे खरे क्षेत्र. शिवाय यंत्र म्हणजे केवळ समई. तिला तेल रोज लागते. एका वेळच्या डायलिसिससाठी सुमारे १२० लिटर अतिशुद्ध पाणी लागते, आणि दुष्काळी जिल्ह्यात ते मिळविणे सोपे नसते. तंत्रज्ञांचे वेतन व देखभालीचा खर्चही दरमहा येतो. उद्घाटनाच्या कोनशिलेवर नाव एकदाच कोरले जाते; नंदादीप मात्र दररोज तेल घालणाऱ्या हातांमुळेच तेवत राहतो. भाविकांनी यथाशक्ती, नियमित आणि निरपेक्ष भावनेने दिलेली अल्प देणगीही म्हणूनच मोलाची आहे.