शालान्त आणि जिज्ञासा

‘शालान्त’ या शब्दाचा विग्रह सोपा आहे. शाळेचा अंत तो शालान्त. विद्येचा अंत या शब्दात कोठेही सांगितलेला नाही. तरी दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस दहावीचा निकाल लागला म्हणजे आर्वी-आष्टीपासून हिंगणघाट-समुद्रपूरपर्यंत आपल्या वर्धा जिल्ह्यात एकच क्रम दिसतो. पुस्तके रद्दीत जातात, पेढे वाटले जातात आणि जो भेटेल तो विचारतो, “किती टक्के मिळाले?” या प्रश्नाचे उत्तर गुणपत्रिकेवर छापलेले असते. त्यामागोमाग “आता पुढे काय?” हा दुसरा प्रश्न येतो. त्याचे उत्तर मात्र कोठेही छापलेले नसते. या दुसऱ्या प्रश्नाविषयी शास्त्राच्या आधाराने चार शब्द सांगावेत असे योजिले आहे. वासनिक मंडळींच्या मुलामुलींनी ते वाचावेत आणि मातापित्यांनीही शेजारी बसून ऐकावेत.

मुलांनो, शाळेतील दहा वर्षांचा क्रम आठवून पाहा. प्रश्न गुरुजींनी विचारला, उत्तर तुम्ही दिले. परीक्षेतही प्रश्न छापून आला आणि त्याचे उत्तर आधीच ठरलेले होते. ते तुमच्या स्मरणात आहे की नाही, एवढेच पाहिले गेले. लहान वयास हा क्रम योग्यच आहे, कारण ज्याच्यापाशी शब्दांचा संग्रह नाही तो विचारणार तरी काय? परंतु शाळा संपताच हा क्रम उलटतो. संसार कोणास प्रश्नपत्रिका छापून देत नाही. काय विचारावयाचे, कोणास विचारावयाचे आणि मिळालेले उत्तर कसे पारखावयाचे, हे ज्याचे त्यासच ठरवावे लागते. म्हणून शालान्तानंतरच्या आयुष्यात विद्यार्थ्याचे पहिले साधन जिज्ञासा हे होय. गुण त्याच्या मागून येतात.

आपल्या पंथाचे सर्व वाङ्मय या जिज्ञासेतूनच निर्माण झाले आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी स्वहस्ते ग्रंथ लिहिला नाही. भक्तजन विचारीत गेले आणि स्वामी निरूपण करीत गेले. विचारणाऱ्यांत महदाइसा अग्रणी होती. अल्पवयात वैधव्य आलेल्या त्या काळच्या स्त्रीस पाठशाळेचे दार कोठून उघडे असणार? परंतु एखादी गोष्ट समजली नाही तर तिला चैन पडत नसे. ती पुन्हा विचारी, अधिक खोल विचारी, आणि स्वामींनी तिच्या या जिज्ञासू वृत्तीचे कौतुक केले. तीच महदाइसा ‘धवळे’ रचून मराठीची आद्य कवयित्री ठरली.

आता दुसऱ्या टोकाचे उदाहरण घ्या. म्हाइंभट हे शास्त्रसंपन्न पंडित होते. स्वामींकडे ते प्रथम आले ते आपल्या विद्येचा अभिमान घेऊन, वाद करण्याच्या हेतूने. तो अभिमान स्वामींपुढे गळाला. पुढे याच पंडिताने, ज्याने ज्याने स्वामींना पाहिले-ऐकले होते त्याच्या त्याच्यापाशी जाऊन आठवणी विचारल्या, त्या श्रीनागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या आणि रिद्धपुरी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ असा विचारून-विचारून घडला. सांगणारा विद्वान आहे की सामान्य, हे म्हाइंभटांनी पाहिले नाही. त्याने प्रत्यक्ष काय अनुभवले ते पाहिले. शाळा न लाभलेली महदाइसा आणि शास्त्रे पढलेले म्हाइंभट या दोघांसही विचारण्यानेच मोठेपण आले, हे ध्यानात ठेवावे.

येथे कोणी म्हणेल की ही सातशे वर्षांपूर्वीची कथा झाली. तर आपल्याच जिल्ह्याशी जोडलेले विसाव्या शतकातील एक चरित्र पाहू. विनोबा भावे यांनी तरुणपणी बडोद्यास आईच्या देखत आपली प्रमाणपत्रे चुलीत घातली. पुढे १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघाले असता ते सुरतेस उतरले आणि काशीस गेले. १९२१ मध्ये ते वर्ध्यास आले आणि १९८२ मध्ये पवनारला धाम नदीच्या काठी त्यांनी देह ठेवला. ही गोष्ट तरुणांना फार आवडते, परंतु तिचा अर्धाच भाग सांगितला जातो. ज्याने प्रमाणपत्रे जाळली त्याने अभ्यास एक दिवसही सोडला नाही. कारागृहातही ते दक्षिणेकडील भाषा शिकत राहिले. सूतकताई, शेती, भंगीकाम, संस्कृत, कुराण, गणित यांपैकी कोणताही विषय त्यांनी आपला नव्हे म्हणून दूर ठेवला नाही. तेव्हा मुलांनो, तुम्ही प्रमाणपत्र जाळू नका. पुढील प्रवेशासाठी ते लागेल, जपून ठेवा. मात्र त्या कागदावरून स्वतःचे मोल करण्याची सवय जाळावी. नव्वद टक्केवाल्याचा गर्व आणि चाळीस टक्केवाल्याचा न्यूनगंड ही एकाच अज्ञानाची दोन रूपे आहेत.

आता विचारावे कसे, ते पाहू. ‘दृष्टांतपाठा’त जात्यंधांचा आणि हत्तीचा दृष्टांत आहे. ज्याच्या हाती जो अवयव आला, त्यासारखाच हत्ती आहे असे तो सांगू लागला. प्रत्येकाचे सांगणे त्याच्या हातापुरते खरे होते आणि हत्तीपुरते अपुरे होते. परमेश्वराच्या ज्ञानासंबंधीचा हा दृष्टांत व्यवहारातही उपयोगी पडतो. दहावीनंतर मामा म्हणतात विज्ञान घे, शेजारी म्हणतात वाणिज्य घे, मित्र म्हणतो मी जेथे जातो तेथेच चल. यांतील कोणीही खोटे बोलत नाही. प्रत्येक जण आपल्या हाती आलेला अवयव सांगत असतो. म्हणून एकाच्या सांगण्यावर शाखा ठरवू नये. जो धंदा करावयाचा आहे तो करणाऱ्या निदान तिघांकडे जावे. दिवसभर काय करावे लागते, शिकण्यास किती वर्षे लागली, खर्च किती झाला, काम मिळाले की नाही, असे स्पष्ट विचारावे. हातातील भ्रमणध्वनी पुष्कळ उत्तरे देतो. परंतु तुमच्या घरची जमीन किती, आईची प्रकृती कशी आणि तुमचे मन कशात रमते, हे त्यास ठाऊक नसते.

सर्वांत अवघड प्रश्न घरातच विचारावा लागतो. “बाबा, आपल्यावर कर्ज किती आहे?” हा प्रश्न आमची मुले विचारीत नाहीत आणि वडील आपणहून सांगत नाहीत. २००६ मध्ये केंद्र शासनाने शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष साहाय्य जाहीर केले, त्यांत वर्धा जिल्हाही होता. कापूस आणि सोयाबीन यांच्या भरवशावर चालणाऱ्या घरात नागपूरच्या शिकवणीवर्गाचे शुल्क, खोलीचे भाडे आणि खानावळ यांचा हिशेब मुलापासून लपवला जातो. मुलास वाटते की पैसा आहे. बापास वाटते की मुलास ओझे नको. दोघेही प्रेमापोटी गप्प असतात, आणि त्या मौनाचे व्याज दोघांसही भरावे लागते. सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी घराचा हिशेब ऐकण्याइतकी मोठी असते. हिशेब कळल्यावर कदाचित जवळच्या महाविद्यालयात शिकण्याचे ठरेल, कदाचित शिष्यवृत्तीची चौकशी होईल, कदाचित कर्ज काढणेच योग्य वाटेल. जे ठरेल ते उघड्या डोळ्यांनी ठरावे.

त्याच वेळी हाताने करावयाच्या विद्येस कमी लेखू नये. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. मुलांचे शिक्षण मातृभाषेतून आणि एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाभोवती व्हावे, असा विचार तेथे मांडला गेला, डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने त्याचा अभ्यासक्रम आखला आणि सेवाग्रामी त्याचा प्रयोग झाला. ज्या जिल्ह्यातून देशास हा विचार मिळाला, त्या जिल्ह्यातील मुलाने औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत नाव घातले म्हणून नातलगांनी नाक मुरडावे, हे शोभत नाही. सेवाग्राम आश्रमात परचुरेशास्त्री हे कुष्ठपीडित संस्कृत पंडित राहत असत. बॅरिस्टर झालेले गांधीजी स्वतः त्यांची शुश्रूषा करीत. एवढ्या शिकलेल्या माणसास ते काम हलके वाटले नाही. विजेचे काम शिकणारा, यंत्र दुरुस्त करणारी, शेतात नवे पीक करून पाहणारा, ही सर्व विद्यार्थीच होत. अट एवढीच की “हे असे का होते?” असे त्यांनी विचारीत राहावे.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांस एक गोष्ट विशेष सांगावयाची आहे. अकरावीस विज्ञान इंग्रजीतून सुरू झाले म्हणजे यांतील पुष्कळ मुले वर्गात तोंड उघडत नाहीत. न समजलेले तसेच साठत जाते. केशिराजबास संस्कृतचे जाणते होते, तरी सामान्य स्त्रीजनांस ज्ञानापासून वंचित राहावे लागू नये म्हणून श्रीनागदेवाचार्यांनी मराठीचाच आग्रह धरला. भाषा समजण्यासाठी असते. इंग्रजी अवश्य शिकावी, परंतु ती येईपर्यंत प्रश्न मराठीत विचारण्यास लाजू नये. ज्या रिद्धपुरी ‘लीळाचरित्र’ लिहिले गेले तेथे आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले असून २०२४ मध्ये त्यास पहिले कुलगुरूही लाभले आहेत. आपली भाषा विद्येस अपुरी आहे असे कोणीही मानू नये.

आता ज्यांच्या गुणपत्रिकेवर अनुत्तीर्ण असा शेरा आला आहे, त्यांच्याविषयी. स्वामींच्या एका लीळेत पारध्यांनी पाठलाग केलेला ससा धावत येऊन स्वामींच्या जानूखाली शिरतो. पारधी तो मागतात. जो शरण आला त्यास स्वामी देत नाहीत, आणि त्यांच्या शब्दाने पारध्यांचे मनही पालटते. मातापित्यांनो, निकालाच्या दिवशी नापास झालेले मूल त्या सशासारखे असते. गावभर “किती टक्के?” हा प्रश्न त्याच्या मागे लागलेला असतो. ते धापा टाकीत घरात शिरते तेव्हा घर हे स्वामींच्या जानूसारखे व्हावे की दुसरा पारधी व्हावे, हे तुमच्या हाती आहे. त्या दिवशी त्याला तुलना ऐकवू नका. जेवावयास वाढा, जवळ बसवा, रात्री एकटे सोडू नका. निकालानंतर पुरवणी परीक्षा असते, आणि त्या परीक्षेने वर्ष वाचू शकते. गेलेला जीव मात्र कोणत्याही परीक्षेने परत येत नाही.

आणि मुलांनो, मन फारच खचले, जगणे नको वाटू लागले, तर तोही एक प्रश्नच आहे असे समजून तो कोणापाशी तरी मोठ्याने विचारा. आई, आजी, गुरुजी, मित्र, जवळच्या आश्रमातील संतमहंत, जो भरवशाचा वाटेल त्याच्यापाशी जा. घरात बोलवत नसेल तर १४४१६ या क्रमांकावर शासनाची टेलिमानस सेवा रात्रंदिवस ऐकण्यास आहे. मनुष्यदेह हा जीवास लाभलेला ज्ञानाचा अवसर आहे. पस्तीस गुणांच्या रेषेवरून तो टाकून देण्याजोगा नाही.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी एक कोरी वही घ्यावी. तिच्या पहिल्या पानावर, ज्याचे उत्तर आपणास खरोखर ठाऊक नाही असा एक प्रश्न लिहावा आणि त्याचे उत्तर कोणास ठाऊक असेल त्या माणसाचे नाव त्याखाली लिहावे. आठ दिवसांत त्याच्याकडे जाऊन विचारावे. उत्तर मिळाले म्हणजे त्यातून दुसरा प्रश्न निघेल. तो दुसऱ्या पानावर लिहावा. वही भरली की दुसरी घ्यावी. असा विद्यार्थी कोणत्याही शाखेस गेला तरी त्याची विद्या थांबत नाही, आणि ज्या दिवशी तो ‘मी कोण, आणि कशासाठी आलो?’ असे विचारील, त्या दिवशी शास्त्राचे दार त्यास उघडे असेल. दंडवत प्रणाम.